पाठमोरी

माझं तोंड तुम्ही कधी पाहिलेलं नाही, पण माझा उजवा खांदा तुमच्यातल्या पुष्कळांनी पाहिलाय. ‘नजरेला नजर’ हा कार्यक्रम दर आठवड्याला टीव्हीवर लागायचा, अजूनही लागतो. त्यात निवेदक प्रश्न विचारताना पडद्याच्या कोपऱ्यात पाहुण्याचा म्हणून जो खांदा दिसायचा, तो माझा. मंत्र्याचा खांदा मी, खुन्याचा खांदा मी, पोहून नदी पार करणाऱ्या आजीबाईंचा खांदाही मीच. पाहुणा पुरुष असला की माझ्या अंगावर कोट चढवायचे आणि केस वर बांधायला लावायचे. युनिटमध्ये सगळे मला पाठमोरी म्हणत. मी कधी वाईट वाटून घेतलं नाही, पगार समोरून मिळत होता.

आता ज्याची मुलाखत त्याचाच खांदा का नको, तर कारण साधं आहे. बाहेर जायचं तर आमच्याकडे कॅमेरा एकच. तो आधी पाहुण्यावर लावायचा आणि सगळी मुलाखत उरकायची. पाहुणा चहा पिऊन घरी गेला, की कॅमेरा उचलून पलीकडे न्यायचा, निवेदकावर लावायचा, आणि मग निवेदकाने तेच प्रश्न पहिल्यापासून पुन्हा विचारायचे. ह्याला आम्ही ‘उलटं’ म्हणायचो. प्रश्न झाले की शेवटी माना. ‘दोन गंभीर माना द्या, एक आश्चर्याची द्या,’ असं कॅमेरामन सांगायचा आणि निवेदक समोर कुणी नसताना माना डोलवायचा. नंतर संकलक कात्री घेऊन बसायचा आणि एक प्रश्न, एक उत्तर, एक मान असं जोडून टाकायचा. घरी बसलेल्या माणसाला वाटायचं, काय समोरासमोर बसलेत दोघं.

उलट्याच्या वेळी पाहुण्याच्या खुर्चीत कुणीतरी बसावं लागतं, नाहीतर निवेदकाची नजर भरकटते. ते काम माझं. पण नुसतं बसायचं काम नव्हतं, हे मी ठणकावून सांगते. मुलाखत चालू असताना मी मागे उभी राहून प्रत्येक प्रश्न कान देऊन ऐकायचे, आणि उलट्यात निवेदकाने एक शब्द जरी इकडचा तिकडे केला, तर खुर्चीतूनच म्हणायचे, ‘असं नव्हतं विचारलं.’ की कॅमेरा बंद, परत पहिल्यापासून. कॅमेरामन कपाळाला हात लावायचा. लावू दे. मी बसले त्या खुर्चीसमोर प्रश्न कधी बदलला नाही.

निवेदक म्हणजे आमचे हे. पडद्यावर वाघ. चष्मा काढायचे, पुसायचे, परत लावायचे आणि असा प्रश्न टाकायचे की समोरच्याच्या तोंडचं पाणी पळायचं. त्या चष्म्याला नंबर नव्हता, साधी काच होती, हेही आता सांगून टाकते. घरी मात्र शेळी. दूधवाल्याने उघड उघड पाणी घातलं तरी ‘असू दे’ म्हणणारा माणूस. कुणाच्या तोंडावर वाईट विचारायची छातीच नव्हती. मुलाखतीतले बोचरे प्रश्नसुद्धा दिग्दर्शक मागून खुणा करून करून थकायचा, तेव्हा कुठे बाहेर पडायचे. मला लग्नाचं विचारलं तेही उलट्यात. पाणीपुरवठ्याच्या बड्या साहेबांची मुलाखत होती. साहेब गेले, मी कोट घालून बसले, आणि गळक्या पाइपांच्या प्रश्नानंतर हे त्याच गंभीर आवाजात म्हणाले, ‘माझ्याशी लग्न कराल का?’ मी म्हटलं, ‘असं नव्हतं विचारलं.’ कॅमेरामन हसून हसून खाली बसला. पण पाहुणा उठून गेला की हा माणूस खुर्चीला वाटेल ते विचारू शकतो, हे तेव्हाच दिसलं होतं.

आता ह्यांना काही आठवत नाही. साखर कुठे ठेवतात ते आठवत नाही, लेकीचं नाव पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. पण दुपारची झोप झाली, तोंड धुतलं, की हे जेवणाच्या टेबलापाशी येतात, समोरची खुर्ची ओढून नीट करतात, चष्मा पुसतात आणि उलटं सुरू करतात. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते असं. सुरुवातीला मी रडले. मग एक दिवस मुकाट्याने समोर जाऊन बसले, कारण ते माझंच काम. ह्यांनी मला कार्यक्रमात आलेला एक भोपळेवाला समजून विचारलं, ‘एवढा मोठा भोपळा घरातून बाहेर काढलात कसा?’ मी म्हटलं, ‘भिंत पाडून.’ हे खूश. तेव्हापासून मी रोज कुणीतरी असते. आणि खरं सांगते, इतक्या वर्षांपूर्वीचे प्रश्न, पण एक शब्द इकडचा तिकडे नाही. मी मुद्दाम टपून ऐकलं. मला टोकायची वेळ एकदाही आली नाही.

एक पाहुणा मात्र वेगळा. तो येतो त्या दिवशी हे मला बसू देत नाहीत. ‘उठा, तिथे ते बसलेत,’ म्हणतात. मला, अहो-जाहो करून, परकी बाई असल्यासारखं. नजर माझ्या डोक्याच्या वीतभर वर. त्या पाहुण्यासमोर आधी पाण्याचा पेला ठेवतात. मग पुढे वाकून इतक्या हळू बोलतात की शब्द कळत नाही, मधेच थांबतात, समोरून काही ऐकू आल्यासारखी मान डोलवतात. मला ते बघवत नाही. मी स्वयंपाकघरात जाते आणि नळ सोडून उभी राहते. बऱ्याच वेळाने ह्यांचा आवाज एकदम पडद्यावरचा होतो, आणि नळाच्या आवाजातही मला ऐकू येतं, ‘दाराला कुलूप लावलंत ते तुम्हीच?’ मग मी नळ बंद करते. मी बाहेर येते तेव्हा ह्यांचा चेहरा पांढराफटक पडलेला असतो. विचारतात, ‘गेले का ते?’ मी म्हणते, ‘गेले.’ पेल्यातलं पाणी कुंडीत ओतते. त्या खुर्चीत बसून जेवणं मी केव्हाच सोडलंय. मला भीती वाटते, ह्यात लाजायचं काय.

तो पाहुणा कोण, हे मला ठाऊक होतं. शहरातल्या थिएटरला दुपारच्या खेळाच्या वेळी आग लागली होती. बाजूच्या दाराला बाहेरून कुलूप होतं, आणि माणसं त्या दारापाशी गुदमरून गेली. त्या थिएटरच्या डोअरकीपरची ह्यांनी मुलाखत घेतली. कार्यक्रम तेव्हा बंद पडायला टेकला होता. पहिल्या भागात मोठी बातमी, मधे भोपळेवाला नाहीतर बोलका पोपट, तिसऱ्या भागात मुलाखत, आणि शेवटी ‘चूक-भूल’, म्हणजे मागच्या आठवड्यात आमचं काय चुकलं ते निवेदकानेच वाचून दाखवायचं. लोकांना हे सगळं मिळमिळीत वाटायला लागलं होतं. आणि मग त्या आठवड्यात ह्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, ‘दाराला कुलूप लावलंत ते तुम्हीच?’ पडद्यावर डोअरकीपरचा चेहरा आला. त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, ‘हो. मीच.’ मग ह्यांची एक मान. संपलं. दुसऱ्या दिवशी ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. कार्यक्रम वाचला, तो आजवर चाललाय.

तो भाग मी दवाखान्यात पाहिला, बाळंतिणींच्या वॉर्डात, कुशीत लेक घेऊन. मुलाखत झाली त्याच दिवशी ती जन्मली. ‘हे आमचे,’ असं मी शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगितलं. ‘आणि तो कोपरा बघा, तिथे एरवी माझा खांदा असतो. आज नाही, कारण मी इथे.’ आम्ही दोघी हसलो.

मध्यंतरी कार्यक्रमाची नवी निर्माती घरी आली. आमच्या लेकीपेक्षा लहान, हुशार, पायात पांढरे बूट. कार्यक्रमाच्या वाढदिवसाचा खास भाग करायचा होता. ‘सर त्यांच्या खुर्चीत बसतील, तुम्ही दोन शब्द बोलाल, आणि तो प्रश्न आम्ही परत दाखवू,’ ती म्हणाली. मी विचारलं, ‘पूर्ण मुलाखत का नाही दाखवत?’ तर म्हणे, कच्ची रिळं कधीच भंगारात गेली, उरलाय तो नुसता प्रक्षेपित भाग. ‘आणि चूक-भूल?’ तेही बंद झालंय. तेवढ्यात लोक चॅनल बदलतात. मी म्हटलं, ‘चुका बंद झाल्या असतील.’ ती कसंनुसं हसली. चित्रीकरणाची तारीख ठरली, आणि ‘पुन्हा पाहा तो प्रश्न’ म्हणून जाहिरात सुरू झाली. दर थोड्या वेळाने डोअरकीपर मान खाली घालून ‘हो. मीच’ म्हणायला लागला. मी टीव्ही लावणं सोडलं.

त्याच आठवड्यात एका दुपारी बेल वाजली. हे आत झोपले होते. दारात एक बाई उभी, चांगली उंच, कानशिलावर केस पांढरे झालेले. बोटात शिवणाची टोपी तशीच राहून गेली होती, म्हणजे मशीनवरून उठून आली असावी.

‘मी त्या डोअरकीपरची मुलगी,’ ती म्हणाली.

मी दार अर्धंच उघडं ठेवलं. ‘काय हवंय? साहेबांना बरं नसतं.’

‘भांडायला नाही आले काकू. ती जाहिरात तेवढी काढायला सांगा. आई अंथरुणाला खिळलीय, टीव्ही तिच्या समोरच असतो. बंद करू देत नाही. दिवसभर बाबा तिच्यासमोर हो म्हणत राहतात.’

‘म्हणाले म्हणून दाखवतात,’ मी म्हटलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय.

ती रागावली नाही, तेच मला लागलं. म्हणाली, ‘बाबा सांगायचे, मला हे विचारलंच नव्हतं.’

मग मी तिला आत घेतलं. तिने पाणी मागितलं आणि बसल्या बसल्या सगळं सांगितलं, जणू पुष्कळ वेळा मनात म्हणून पाठ झालं होतं. चौकशीत पुढे मॅनेजरचं नाव निघालं होतं. फुकटे आत घुसतात म्हणून कुलूप त्याने घातलं होतं. ते पेपरात आतल्या पानावर चार ओळींत आलं. पण लोक म्हणाले, चौकशी काय, फिरवता येते, ह्याने स्वतःच्या तोंडाने कबूल केलंय, आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. तिची आईसुद्धा तेच म्हणाली. आईची धाकटी बहीण त्या दारापाशीच गुदमरून गेली होती.

‘आई त्यानंतर बाबांशी बोलली नाही,’ ती म्हणाली. ‘घर सोडलं नाही, जेवायला वाढलं, आजारपण काढलं, पण शब्द नाही. बाबा रोज झोपायच्या आधी घराच्या दारापाशी जाऊन उभे राहायचे आणि तिला विचारायचे, दार लावू का? आगीनंतर विचारल्याशिवाय त्यांनी कुठलंच दार लावलं नाही. आई उत्तर द्यायची नाही. ते तसेच उभे. शेवटी मी उठून कडी घालायचे. ते गेले तोवर हे असंच चाललं. आता आई थकलीय, जास्त दिवस नाहीत. तिला कळायला हवं काकू. आणि मलाही. कारण खरं सांगू का, मलाही कधी कधी वाटतं, बाबा खोटं बोलत असतील.’

माझ्या तोंडून सांत्वनाचा शब्द निघायला हवा होता. निघालं भलतंच. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, माणसाची जातच तशी. मी म्हटलं, ‘बाई, त्या खुर्चीत मी जन्म काढलाय. माझ्या समोर प्रश्न कधी बदललेला नाही.’

‘त्या दिवशी तुम्ही होता?’ ती म्हणाली.

लेकीचा जन्मदिवस आई कशी विसरेल.  मला तो गळक्या पाइपांचा दिवस आठवला.

तेवढ्यात आतून चपलांचा आवाज आला. हे तोंड पुसत बाहेर आले, टेबलापाशी थांबले आणि समोरची खुर्ची ओढून नीट करायला लागले. मग ह्यांची नजर त्या बाईवर गेली. चपलांचा आवाज ऐकून ती उभी राहिली होती. तो पाहुणा आला की हे माझ्या डोक्यावर जिथे बघतात, तिथे बरोबर तिचा चेहरा होता.

हे स्वयंपाकघरात गेले आणि स्वतः पेला भरून घेऊन आले.

‘बस त्या खुर्चीत,’ मी तिला हळूच म्हटलं. ‘तुझे बाबा काय सांगायचे ते तुला पाठ आहे ना? ते सांग.’ आणि त्या दिवशी मी स्वयंपाकघरात गेले नाही. भिंतीला टेकून मागे उभी राहिले, जिथे मी नेहमी उभी राहायचे.

‘पाणी घ्या,’ हे तिला म्हणाले. आवाज इतका मऊ, की तो मी पडद्यावर कधी ऐकलेला नाही. ‘हात दुखत असतील तर पेला मी धरतो.’

तिने माझ्याकडे वळून पाहिलं. ‘बाबांचे हात भाजले होते,’ ती पुटपुटली. ‘पट्ट्या होत्या. टीव्हीवर दिसल्या नाहीत, टेबलाखाली होत्या.’

‘धूर दिसला तेव्हा तुम्ही कुठे होता?’

‘पुढच्या दाराशी. तिकिटं फाडत होतो.’ बाबांचंच वाक्य असणार, तसंच्या तसं आलं.

‘म्हणजे तुम्ही बाहेर होता. तुम्हाला काही झालं नसतं.’

‘नसतं झालं.’

‘मग आत गेलात?’

‘माणसं ओरडत होती साहेब.’

हे थांबले. टेबलावर बोटं फिरवत राहिले. मग पुढे वाकून म्हणाले, ‘सगळे बाहेर पळत होते, तेव्हा परत परत आत जाऊन लोकांना खांद्यावर घालून आणत होता, ते तुम्हीच?’

तिने मान खाली घातली. जाहिरातीत दिवसभर दिसते तीच मान. जे बाहेर आणता आले नाहीत, त्यांच्यासाठी घातलेली. मला ते आता दिसलं.

‘हो,’ ती म्हणाली. ‘मीच.’

ह्यांनी मान डोलावली. ह्यांच्या सगळ्या माना मला पाठ आहेत, गंभीर, आश्चर्याची, संशयाची. ही त्यातली नव्हती. डोळे भरलेले होते. ‘दमलात तुम्ही,’ हे म्हणाले. ‘निघा आता. घरी वाट बघत असतील.’

ती उठली नाही. ‘आणि कुलपाचं?’ तिने विचारलं. ‘कुलपाचं नाही विचारायचं मला?’

हे गोंधळले. मागे दिग्दर्शक उभा असल्यासारखं खांद्यावरून पाहिलं. मग तिच्याजवळ वाकून, कुणी ऐकू नये अशा आवाजात म्हणाले, ‘ते तुम्हाला नाही विचारायचं. ते तुम्ही गेल्यावर.’

ती उठून भिंतीपाशी माझ्याजवळ आली. मी तिचा हात धरला, टोपी अजून बोटातच होती. हे रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले. चष्मा काढला, पुसला, लावला. आणि तो आवाज आला, सगळ्या देशाने ऐकलेला.

‘दाराला कुलूप लावलंत ते तुम्हीच?’

समोर कोण बोलणार. ह्यांनी एक मान दिली. थोडं थांबून आणखी एक दिली, जरा सावकाश, संकलकाला निवडायला असावी म्हणून. 

मी जाऊन त्या खुर्चीत बसले. उठा म्हणाले नाहीत. मी म्हटलं, ‘असं नव्हतं विचारलं.’

हे माझ्याकडे बघत राहिले. किती दिवसांनी मला बघितलं, मला, कुण्या पाहुण्याला नाही.

‘नव्हतं,’ हे म्हणाले. ‘तू नव्हतीस ना त्या दिवशी.’

मला इतका राग आला की ह्यांच्या तोंडात मारावीशी वाटली. एका माणसाचं घर बुडवलंत, आणि त्यावर आपलं उभं राहिलं. आणि तोंडावर विचारायची हिंमत नव्हती म्हणून खुर्चीला विचारलंत. हे सगळं मी बोलले, मोठ्याने बोलले. तोवर हे परत कुठेतरी निघून गेले होते. मला म्हणाले, ‘भोपळा किती किलोचा?’ मी त्यांचा चष्मा काढून घेतला, पुसला आणि परत लावून दिला. राग गेला नाही. माया पण गेली नाही. दोन्ही घेऊन बसले.

तिने तिथूनच आईला फोन लावला आणि माझ्याकडे दिला. मी सगळं सांगितलं.  मग म्हातारीचा आवाज आला, कोरडा आणि खणखणीत. ‘फोनवर कुणीही काहीही सांगतं. मी टीव्हीवर पाहिलंय. टीव्हीवर सांगा म्हणावं.’ आणि ठेवला. खाष्ट बाई. मला आवडली.

लेकीला फोन करून सांगितलं तर ती रडायलाच लागली. ‘आई, बाबांकडे आता त्या नावाशिवाय आहे काय? ते पण काढून घेणार तू?’ बोलली ते खोटं नव्हतं. मी म्हटलं, ‘नाव ह्यांचं आहे गं, पण शब्द दुसऱ्या बाईच्या नवऱ्याचा आहे. तो परत नको का द्यायला?’ तिने फोन ठेवला. मला रात्रभर झोप लागली नाही.

ठरल्या दिवशी निर्माती भरपूर कॅमेरे घेऊन आली. आता काय, उलट्याची गरजच नाही, सगळं एकदम टिपतात. मी तिला बाजूला घेऊन सांगितलं, मला दोन शब्द नकोत, चूक-भूल हवंय. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरला. ‘काकू, सरांची अवस्था अशी. त्यांच्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार? आपल्याकडे पुरावा काय?’

‘तुझ्याकडे आहे,’ मी म्हटलं. ‘तो भाग लाव.’

तिने लॅपटॉपवर लावला. मी आधी दुसऱ्या मुलाखती दाखवायला लावल्या. मंत्री, खुनी, आजीबाई. प्रत्येक प्रश्नाला कोपऱ्यात खांदा. मग तो. ह्यांचा चेहरा, चष्मा, प्रश्न, आणि कोपऱ्यात मागची भिंत. खांदा नाही.

‘ज्या दिवशी खुर्ची रिकामी होती, शब्द बदलला तर टोकायला कुणी नव्हतं, त्या दिवशीचा हा एकच प्रश्न आहे तुमच्याकडे,’ मी म्हटलं, ‘आणि त्यावरच तुमचा वाढदिवस. चालवणार असशील तर चालव, पण मग मला बसवू नकोस.’

ती गॅलरीत जाऊन खूप वेळ फोनवर बोलली. एकदा आवाज चढला तिचा. आत आली तेव्हा कान लाल झाले होते. ‘चूक-भूल परत सुरू करायचं माझ्या मनात होतंच,’ म्हणाली. नव्हतं, पण पोरगी वाईट नाही.

आयुष्यात पहिल्यांदा मी कॅमेऱ्याकडे तोंड करून बसले. कुठे बघायचं तेच कळेना. मग मी त्या न पाहिलेल्या म्हातारीकडे बघून बोलले. म्हटलं, बाई, तुमच्या यजमानांना कुलपाचं कुणी विचारलं नव्हतं. ते उठून गेल्यावर माझ्या नवऱ्याने तो प्रश्न रिकाम्या खुर्चीला विचारला. त्यांना विचारलं होतं ते वेगळंच, आणि त्याला ते हो म्हणाले. मग काय विचारलं होतं तेही सांगितलं, शब्द न शब्द. शेजारी हे चष्मा घालून शहाण्यासारखे बसले होते. माझं बोलणं संपल्यावर ह्यांनी मान डोलावली. कुठली मान, ते मला ओळखता आलं नाही.

भाग लागला त्या संध्याकाळी मी टीव्ही लावला नाही. फोनपाशी बसून राहिले. बऱ्याच वेळाने तो वाजला.

‘पाहिलं आईने,’ डोअरकीपरची मुलगी म्हणाली.

‘काय म्हणाल्या?’

‘काहीच नाही. टीव्ही बंद कर म्हणाली. मी बंद केला, तिच्या उशाशी येऊन बसले. ती दाराकडे बघत होती. एकटक. मग म्हणाली, लावा आता दार.’

‘लावा म्हणाल्या?’ मी विचारलं.

‘काकू,’ ती म्हणाली, ‘मी कडी घालायला उठले. जाऊन बघते तर घातलेली होती.’

‘तूच घातली असशील मघाशी,’ मी म्हटलं. ‘विसरली असशील.’

‘असेल,’ ती म्हणाली.

मग बराच वेळ आम्ही दोघी फोन कानाला लावून तशाच बसलो, आणि तिनेही काही विचारलं नाही, मीही नाही.